चिनी सासर, चिनी सून, चिनी जावई: भाषा, जेवण, वय. अनुभव लिहा

अंगणातली

नमस्कार. बरेच दिवस हा धागा काढायचं मनात होतं. मी पुण्याची, नवरा शानदोंग प्रांतातल्या वेइफांगचा. 2018 मध्ये लग्न झालं. आता आम्ही सूझोऊला राहतो, मुलगा 4 वर्षांचा आहे आणि सासूबाई वर्षातले सात-आठ महिने आमच्याकडेच असतात.

आज लिहायला बसले त्याचं कारण मागच्या आठवड्यात घडलं. बालवाडी सुटल्यावर मुलगा "आई, आई" करत माझ्याकडे धावत आला. शेजारी उभ्या असलेल्या एका आजीबाईंनी माझ्याकडे बघून सासूबाईंना विचारलं, "परदेशी बाई ठेवलीत वाटतं सांभाळायला?" चिनीत 'आयी' म्हणजे मावशी, आणि घरकामाला किंवा मूल सांभाळायला येणाऱ्या बाईलाही 'आयी'च म्हणतात. स्वराचा फरक आहे, पण लहान पोराच्या तोंडून तो कुणाला कळणार? माझ्या घशात आवंढाच आला. मी काही बोलायच्या आत सासूबाई ठामपणे म्हणाल्या, "नाही, ही त्याची मामा. त्यांच्या भाषेत मामाला आयी म्हणतात." (चिनीत आईला 'मामा' म्हणतात. माझा भाऊ व्हिडिओ कॉलवर दिसला की मुलगा "मामा!" म्हणून ओरडतो, तेव्हा सासूबाई आधी माझ्याकडे वळून बघतात.)

घरी आल्यावर विचार करत बसले. नवऱ्याशी मी इंग्रजीत बोलते, मुलगा आजीशी चिनीत, आणि मराठी फक्त माझी आणि त्याची, झोपायच्या वेळेपुरती. ती टिकवायची कशी?

वयाचं सांगायचं तर नवरा माझ्याहून 3 वर्षांनी लहान. बाबा सहा महिने अडून बसले होते. आणि तिकडे सासूबाई खूश! त्यांच्याकडे म्हणच आहे, "न्यू दा सान, बाओ जिन-च्वान". बायको तीन वर्षांनी मोठी असेल तर नवऱ्याच्या कवेत सोन्याची वीट. मात्र लग्नात त्यांनी सगळ्या नातेवाइकांना माझं वय 30 सांगितलं, मी तर 28 ची होते. मला वाटलं गैरसमज झाला. नंतर कळलं की जुनी माणसं वय वेगळं मोजतात: जन्मलं की 1, आणि पुढे दर नववर्षाला एक वाढवायचा. माझा जन्म 1989 च्या डिसेंबरचा, म्हणून दोन वर्षांचा फरक पडला.

जेवणाचं दुखणं मोठं होतं. आमच्याकडे घरात अंडंही शिजत नसे. मी अंड्यापर्यंत आले, त्यापुढे नाही. पहिल्या नववर्षाला सासूबाईंनी माझ्यासाठी वेगळ्या जियाओत्स केल्या, आत लसणाच्या पातीसारखी जिउत्साय आणि अंडं. पारी लाटायची, सारण भरायचं, कडा दाबून अर्धचंद्र करायचा. अगदी आपल्या करंजीसारखं, फक्त तळायच्या ऐवजी उकडायचं. आनंदाने घास घेतला, दुसरी जियाओत्स तोडली तर आत बारीक गुलाबी काहीतरी. दोन काळे ठिपके होते, डोळे. वाळवलेली कोळंबी. त्या म्हणाल्या, "हे मांस नाही गं, चवीपुरतं घातलंय." मी स्वच्छतागृहात जाऊन रडले. त्यांनी मला फसवलं नव्हतं, हे समजायला वर्ष गेलं. तिकडे नुसतं 'मांस' म्हटलं की डोळ्यासमोर डुक्कर येतं. वाळकी कोळंबी, कोंबडीचं पाणी, कालवाचा सॉस यांना कुणी मांसात धरत नाही.

येत्या चैत्रात आई-बाबा पहिल्यांदाच इथे येणार आहेत, दीड महिन्यासाठी. दोन आज्या एका स्वयंपाकघरात. ज्यांनी हे पार पाडलंय त्यांनी सविस्तर लिहा, हात जोडून विनंती.

तिरफळ

धागा वाचून राहवलं नाही. मी मालवणचा, बायको चेंगदूची, राहतो सिंगापूरला. कोळंबीच्या डोळ्यांचं वाचताना आमची आईच आठवली. भोपळ्याच्या भाजीत सुकट घालून "भाजीच आहे" म्हणणारी.

आमचं उलट झालं, जेवणानेच गाठ बसली. लग्नाआधी बायको पहिल्यांदा मालवणला आली तेव्हा आईने बांगड्याचं तिखलं केलं होतं, तिरफळं घालून. हिने एक घास घेतला आणि थांबली. आई घाबरली, काटा लागला की काय. ही म्हणाली, "ह्वाजियाओ!" आणि वाटीतलं एक तिरफळ उचलून जिभेवर ठेवलं. ह्वाजियाओ म्हणजे सिचुआनच्या मिरच्यांबरोबर पडणारं ते जीभ बधिर करणारं फळ. तिरफळ आणि ते एकाच कुळातलं. फोडायचं, काळं बी टाकायचं, साल वापरायची. आई हातवारे करून "बी काढून टाक" सांगत होती, आणि हिच्या हातात ते आधीच निघालं होतं. जिभेवर येणाऱ्या त्या मुंग्यांना त्यांच्याकडे 'मा' असा स्वतंत्र शब्द आहे. आईने तो त्याच दिवशी उचलला. आता फोनवर विचारते, "कालवणात मा घातलंस?"

अडचणी नाहीत असं नाही. बासुंदीने तिचं पोट बिघडलं, तुपाचा वास तिला आजही सहन होत नाही. तिच्या घरच्या स्वयंपाकात दुधातुपाला जागाच नव्हती. त्यामुळे वरणभातावर तूप न घेणारी सून बघून आत्या नाराज. आणि माझ्या हातूनही एकदा चूक झाली. चेंगदूला जेवताना फोन आला, मी चॉपस्टिक भातात उभ्या खोचून उठलो. हिच्या आजीने झटकन उपसल्या आणि वाटीच बदलली. मेलेल्यांसमोर भातात उदबत्त्या खोचतात, तसं ते दिसतं. पिंडाला शिवलेला कावळा माहीत असलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागलं नाही.

आई-बाबांसाठी एक सांगतो. "मांस नको" असं सांगू नका, "वो छ्र सू" सांगा. 'सू' म्हणजे बौद्ध मठांतलं शाकाहारी जेवण, आणि हा शब्द जुन्या माणसांना नीट कळतो. कडक 'सू'मध्ये कांदालसूणही चालत नाही, आपल्या चातुर्मासासारखं. तुमच्या आईंना बरंच पडेल.

मावशी_ठाणे

मी इथे फक्त वाचत असते, पहिल्यांदाच लिहितेय. टंकताना चुका झाल्या तर सांभाळून घ्या.

माझा मुलगा जर्मनीत नोकरीला आहे. तिथली त्याच्या ऑफिसातली एक चिनी मुलगी त्याला आवडते. तो 1996 चा, ती 1990 ची. सहा वर्षांनी मोठी! माझ्या मिस्टरांनी दोन महिने त्याच्याशी बोलणं टाकलंय. मला मुलगी वाईट वाटत नाही, फोनवर हसते, नमस्कार करते. पण सहा वर्षं? मूलबाळ कधी होणार? आणि गंमत नाही, खरंच सांगते, तिच्या आईचाही विरोध आहे, तोही याच सहा वर्षांवरून. पण ती मोठी म्हणून नव्हे. सहाचा आकडाच वाईट म्हणे. हे काय प्रकरण आहे, कुणाला माहीत असेल तर सांगा. रात्र रात्र झोप लागत नाही.

चार_स्वर

काकू, त्याला 'ल्यूछोंग' म्हणतात. चिनी वर्षांच्या चक्रात बारा प्राणी असतात. ती 1990 ची म्हणजे घोडा, मुलगा 1996 चा म्हणजे उंदीर. सहा वर्षांचं अंतर आलं की हे दोन प्राणी चक्रात बरोबर समोरासमोर येतात आणि त्यांची टक्कर होते असा समज. आपल्याकडे पत्रिकेत षडाष्टक निघालं की घरात जसं वातावरण होतं, तसंच. तिच्या आईला मुलीचं वय खटकत नाहीये, पत्रिका जुळत नाहीये. त्यामुळे तिच्याशी बोलताना "वयाने काही होत नाही" असं सांगून उपयोग नाही, तिचा प्रश्न वेगळा आहे.

धागाकर्तीच्या भाषेच्या प्रश्नावर थोडं लिहितो. मी पुण्यात चिनी शिकलो, दुभाष्याचं काम करतो, बायको हार्बिनची. आमच्याही घरी सुरुवातीला इंग्रजीच होती. इंग्रजीत भांडण मिटायचं, भाडं भरायचं, सगळं व्हायचं. पण तिच्या घरची माणसं मला आणि माझ्या घरची माणसं तिला, सगळी 'आंट' आणि 'अंकल'. आता बघा, आपल्याकडे आत्या वेगळी, मावशी वेगळी. तिकडेही वडिलांची बहीण 'गूगू', आईची बहीण 'यी'. मामाला 'ज्यूज्यू', धाकट्या काकाला 'शूशू', थोरल्याला 'बोबो'. म्हणजे काकांमध्ये थोरला-धाकटा हा फरक त्यांनी आपल्याहूनही जास्त जपलाय. मराठी माणसाला हे तक्ते पाठ करावे लागत नाहीत, खण आधीच आहेत, फक्त नावं घालायची. तेच आपण इंग्रजीतून गेलो तर सगळे खण मोडतात.

उच्चारांचंही तसंच. चिनी शिकणाऱ्या युरोपीय विद्यार्थ्यांची प आणि फ, त आणि थ यांत जी तारांबळ होते ती आपली होत नाही. 'चोर'मधला च आणि 'चिमणी'मधला च आपण वेगळे म्हणतो, ते दोन्ही तिथे हवेच असतात. राहतात ते स्वर. 'माय' खाली जाऊन वर आला तर विकत घेणे, वरून खाली पडला तर विकणे. त्याला कष्टाशिवाय इलाज नाही.

आणि एक गोष्ट, जी मी कुणाला फारशी सांगितलेली नाही. मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' वेगळे. उत्तर चीनमध्येही आहेत. 'वोमन' म्हणजे साधारण आम्ही आणि 'चान्मन' म्हणजे आपण, समोरच्याला धरून. (हा च 'चोर'मधला.) सासरे तीन वर्षं माझ्याशी बोलताना "वोमनच्या घरी असं करतात" म्हणायचे. तिसऱ्या हिवाळ्यात नळाचं पाणी गोठलं होतं, आम्ही दोघं गरम पाण्याचे फडके गुंडाळत बसलो होतो. ते पाईपकडे बघत म्हणाले, "चान्मनच्या घराचा हा नळ दरवर्षी असाच करतो." त्यांना कळलंही नसेल काय म्हणाले ते. मी फडकं धरून तसाच बसून राहिलो. इंग्रजीत हे वाक्य दोन्ही वेळा सारखंच झालं असतं.

सोलापूरकर

मावशी, तुमच्यासाठी मुद्दाम लॉगिन केलं. आमच्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस तुम्हाला माहीतच असतील. 1938 साली पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले, चिनी शिकले, रुग्णांशी त्याच भाषेत बोलत. तिथे ग्वो छिंगलान यांच्याशी 1941 मध्ये लग्न केलं. डॉक्टरांना 'के दिह्वा' असं चिनी नाव होतं. मुलाचं नाव ठेवलं यिनह्वा. 'यिन' म्हणजे भारत, 'ह्वा' म्हणजे चीन.

आता वर्षं बघा. कोटणीस 1910 चे, ग्वो छिंगलान 1916 च्या. सहाच वर्षं! कुत्रा आणि ड्रॅगन, समोरासमोरचे प्राणी. 9 डिसेंबर 1942 ला, मूल काही महिन्यांचं असताना डॉक्टर गेले, त्यामुळे मानणारा म्हणेल बघा, टक्कर झालीच. मी म्हणेन रणभूमीवर शस्त्रक्रिया करून करून शरीर झिजलं, फेफरं येत होतं. त्या बाई 2012 पर्यंत जगल्या, भारतात पुन्हा पुन्हा येत राहिल्या आणि सोलापूरच्या कुटुंबाशी शेवटपर्यंत नातं ठेवलं. मुलीच्या आईला हे नाव सांगून बघा. चीनमध्ये त्या पिढीला 'के दिह्वा' ठाऊक असतात.

निळी_छत्री

सगळ्यांचे अनुभव वाचून आनंद झाला, पण न जुळलेलंही कुणीतरी लिहायला हवं.

मी चीनमध्ये वैद्यकीय शिक्षण घेत होते. तो हेनानचा, माझ्याच वयाचा. भाषा, जेवण, वय, यातलं काहीच आड आलं नाही. माझी चिनी चांगली होती, मी सगळं खात होते. 2020 च्या जानेवारीत सुट्टीला म्हणून घरी आले आणि परतीचा रस्ता बंद झाला. जूनअखेर भारतात वीचॅटवर बंदी आली. तिकडे व्हॉट्सॅप चालत नाही. त्याच्याशी ईमेलवर बोलत होते, पण त्याच्या आईशी बोलायचं साधनच गेलं, त्या फक्त वीचॅट वापरायच्या, आवाजी निरोप पाठवायच्या. "थंडी पडलीय, गरम पाणी पी" एवढाच निरोप, रोज. तो एक दिवस बंद झाला तो झालाच. विद्यार्थ्यांना व्हिसा पुन्हा मिळू लागला 2022 च्या ऑगस्टमध्ये. थेट विमानं तर 2025 च्या ऑक्टोबरपर्यंत नव्हती.

पण खरं कारण तेही नव्हतं. तो एकुलता एक, मीही एकुलती एक. त्यांच्याकडे 1980 पासून 2015 पर्यंतचं एका मुलाचं धोरण, आमच्याकडे आईबाबांची निवड. चार म्हातारी माणसं दोन देशांत, आणि बघायला आम्ही दोघंच. दोन्ही देश दुहेरी नागरिकत्व मानत नाहीत, म्हणजे कुणीतरी कायमचं परकं होणार. हा हिशोब आम्ही एका रात्री फोनवर मांडला आणि तो सुटला नाही. शेवटी त्याची आई म्हणाली होती, मुलगी 27 ची झाली, आता तिला अडकवून ठेवू नकोस. तिकडे त्या वयापुढच्या अविवाहित मुलीला 'शंगन्यू' म्हणतात, उरलेली मुलगी. त्यांनी तो शब्द माझ्यासाठी कधीच वापरला नाही. मला वाचवायला बघत होत्या.

ज्यांची भावंडं आहेत त्यांनी लग्नाआधीच हे बोलून ठेवा. ज्यांची नाहीत त्यांनी तर पहिल्याच महिन्यात.

अंगणातली

निळी_छत्री, तुझा प्रतिसाद दोनदा वाचला. वीचॅटचं अगदी खरं आहे. आई-बाबा आणि सासूबाई आजही थेट बोलू शकत नाहीत, मधे माझा फोन लागतो.

चार_स्वर, तुमचं 'चान्मन' वाचून मी काल दिवसभर कान देऊन ऐकलं. आमच्याकडे सासूबाई ठेवणीतली चिनी बोलत नाहीत, वेइफांगची बोली बोलतात, 'मी'ला 'आन' म्हणतात. मी ज्या वर्गात शिकले तिथली भाषा आणि त्यांची भाषा यात एवढं अंतर आहे की पहिली दोन वर्षं मी नुसती मान हलवायचे. आता ठरवलंय, नवऱ्याशी घरात चिनीतच बोलायचं. तो म्हणाला, मग मी मराठी शिकतो. काल त्याला "जेवलास का?" शिकवलं. तो म्हणाला, "हे तर आमचंच, छ्र ल मा!" खरंच, तिकडे जुनी माणसं भेटली की तेच विचारतात.

अजून एक आठवलं. मी सुरुवातीला दर पानाला, दर वाटीला "श्येश्ये" म्हणायचे, थँक यूची सवय. सासूबाईंना ते लागायचं. एकदा म्हणाल्या, असं 'ज्येनवाय' का वागतेस? म्हणजे परक्यासारखी. माझी आजी अगदी हेच म्हणायची, "घरच्या माणसाचे आभार कसले मानतेस?" हे मला ज्या दिवशी मराठीत कळलं त्या दिवशी बंद केलं. आता त्या पोळ्या करून उठल्या की मी "शिनखू ल" म्हणते. फार दमलात, असं.

आणि हो, कोळंबीच्या त्या प्रकरणानंतर त्यांनी दुसरी चिरायची लाकडी फळी आणली आणि तिच्या भोकात लाल दोरा बांधला. ती फळी माझी. त्यावर आजतागायत माशाचं पातं टेकलेलं नाही. भांडी घासणाऱ्या बाईंनी एकदा चुकून त्यावर डुकराचं मांस कापलं, तर सासूबाईंनी फळी टाकून नवी आणली आणि लाल दोरा जुनाच बांधला.

लग्नात जे चुकलं ते इतरांच्या उपयोगासाठी लिहून ठेवते. पुण्यात आम्ही वरपक्षाला फेटे बांधले, त्यातले काही हिरवे होते, माझ्या चुड्याशी जुळवून. सासरे हसत हसत डोक्यावरून काढून हातात धरून बसले. चिनीत 'डोक्यावर हिरवी टोपी' म्हणजे बायको दुसऱ्याबरोबर. नवऱ्याला ते सांगायला दोन वर्षं लागली. आणि बाबांनी सगळ्यांना 501 युआनची पाकिटं दिली, आपल्या रिवाजाने वर एक. तिकडे शुभकार्यात सम आकडा देतात, विषम मयताला. वेइफांगच्या आत्याबाईंनी पाकीट मुकाट्याने पर्समध्ये ठेवलं. फेटे लाल किंवा भगवे आणा, पाकिटात 600 घाला, 4 टाळा.

चार_स्वर

एक दुरुस्ती जोडतो. 1001 चालतं. मुलाकडचे मुलीला पहिल्या भेटीत तेवढे देतात, 'हजारांतून निवडलेली एक' असा त्याचा अर्थ. मावशींना उपयोगी पडेल.

तिरफळ

आई-बाबा चैत्रात येतायत म्हणजे शरदातला चंद्र चुकणार. पुढच्या वेळी सप्टेंबर-ऑक्टोबरात बोलवा. त्यांच्या आठव्या महिन्याची पौर्णिमा म्हणजे चंद्राची पूजा, मूनकेक. ती बहुतेक वर्षी आपल्या भाद्रपदातल्या पौर्णिमेच्या आसपास पडते, 2024 मध्ये 17 सप्टेंबरला होती, नेमकी अनंत चतुर्दशीला. पण अधिक महिना त्यांच्याकडे आणि आपल्याकडे कधीकधी वेगवेगळ्या वर्षी येतो, म्हणून 2025 मध्ये 6 ऑक्टोबरला त्यांचा सण आणि आपली कोजागिरी एकाच रात्री आले. आम्ही गच्चीवर मूनकेक आणि मसाला दूध दोन्ही ठेवलं. बायकोने दूध नुसतं हातात धरलं, पण धरलं.

मावशी_ठाणे

सगळ्यांचे फार आभार. (आता मानू नका म्हणू नका!) मिस्टरांना काल रात्री सोलापूरकरांचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. काही बोलले नाहीत, पण चष्मा लावून स्वतः एकदा वाचला. "कोटणीसांची बायको भारतात येत असे का?" एवढंच विचारलं.

मुलीची आई सध्या चीनमध्येच आहे. उद्या मुलगा आम्हा दोघींचा कॉल जोडून देणार आहे. मी वहीत लिहून घेतलंय, "नी छ्र ल मा". 'छ्र' नीट जमत नाही, जीभ वर वळवून म्हणायचं ना? किती वाजता करावा?

चार_स्वर

हो काकू, जीभ टाळ्याकडे वळवून. 'छ' म्हणताना हवा जोरात सोडा. त्यांचं घड्याळ आपल्या अडीच तास पुढे आहे आणि तिकडे बाराला जेवतात. साडेदहाला करा, तेव्हा तिकडे एक वाजलेला असेल. जेवून झालेलं असेल आणि दुपारची झोप लागलेली नसेल.

मावशी_ठाणे

बरं, साडेदहा. जीभ वळवायचा सराव करत बसलेय. मिस्टर आतून विचारतायत, काय चाललंय म्हणून.